जुनी मोटर यॉट घेताय? आधी इंजिनघरात उतरा

जाहिरातीत असतं: '४२ फुटी मोटर यॉट, दोन डिझेल इंजिनं, फक्त ४०० तास चाललेली.' बोट वीस वर्षांची. म्हणजे इंजिन वर्षाला वीस तास चाललं, महिन्याला दोन तासही नाही. घेणाऱ्याला वाटतं, इंजिन नवंकोरं मिळतंय. खरं तर हा आकडा दिसला की जास्तच बारकाईनं बघायला हवं. वर्षाला शंभर-दीडशे तास नेमानं चाललेलं, ऑइल वेळच्या वेळी बदललेलं २,५०० तासांचं इंजिन या ४०० तासांच्या इंजिनापेक्षा बहुतेक वेळा चांगलं निघतं.

समुद्रावरच्या डिझेल इंजिनाच्या पिस्टन-रिंगा झिजायची वेळ फार उशिरा येते. त्याआधीच त्याला खारं पाणी खातं, न झेपणारा पंखा (प्रोपेलर) दमवतो, नाहीतर महिनोन्‌महिने उभं राहून ते आतून गंजतं. म्हणून पारखही त्याच क्रमानं करायची. आधी खाऱ्या पाण्याची वाट, मग थंड इंजिन चालू होताना, आणि शेवटी समुद्रात पूर्ण थ्रॉटलवर. इथे ३५ ते ५० फुटी, दोन इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) डिझेल इंजिनांच्या बोटी धरल्या आहेत. गेटवेसमोर, मांडव्याला आणि गोव्यात मांडवी नदीत नांगरलेल्या खासगी बोटींमध्ये या आकाराच्या बऱ्याच दिसतात.

निघण्यापूर्वी

मालकाकडून दोन्ही इंजिनांच्या आणि गिअर बॉक्सच्या प्लेटचे फोटो मागवा. मॉडेल, सिरियल नंबर, रेटेड हॉर्सपॉवर आणि रेटेड आरपीएम (पूर्ण ताकदीसाठी कंपनीनं ठरवलेले मिनिटाचे फेरे) त्यावर असतं. रेटेड आरपीएम वेगळं लिहून ठेवा, कारण पुढे समुद्रात सगळा निकाल त्याच आकड्यावर लागतो. सिरियल नंबर नोंदणीच्या कागदांशी जुळतो का ते पाहा. इंजिन बदललेलं आणि कागद जुनेच असले, तर तो घोळ निस्तरणं नव्या मालकाच्या गळ्यात पडतं.

मालकाला एक अट स्पष्ट सांगा: आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. बोटीवर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर हात ठेवणं. ब्लॉक कोमट लागला, तर थंड इंजिन कसं उठतं ते आता कळणार नाही. अशा वेळी बाकीची पाहणी करा आणि स्टार्टसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

सोबत चांगली टॉर्च, काडीवरचा छोटा आरसा, इन्फ्रारेड थर्मामीटर, ऑप्टिकल टॅकोमीटर (प्रकाशानं फेरे मोजणारं मीटर) आणि त्याची चमकती पट्टी, पांढऱ्या सुती फडक्यांचा गठ्ठा, दोन-तीन स्वच्छ पारदर्शक बाटल्या आणि डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढायचा हातपंप घ्या. मोबाइलसाठी सेल्फी-स्टिक जरूर घ्या. दोन इंजिनांच्या बोटीत प्रत्येक इंजिनाची बाहेरची बाजू डिझेलच्या टाकीला किंवा बोटीच्या अंगाला खेटून असते. तिथे हात पोचत नाही म्हणून वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं, आणि बिघाड नेमका तिथेच असतो. व्हिडिओ लावून काठी आत घाला आणि सावकाश फिरवा.

कोणतं इंजिन आहे, त्यावर पुढचं बरंच ठरतं

कमिन्सचं ६बीटी, ५.९ लिटर, सहा सिलिंडर. याच घराण्याचं इंजिन टाटा कमिन्सनं जमशेदपूरला ट्रकसाठी बनवलं. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट भारतात मिळतात आणि त्यावर हात बसलेले मिस्त्रीही मिळतात. मात्र हीट एक्स्चेंजर (खाऱ्या पाण्यानं कूलंट थंड करणारा भाग), आफ्टरकूलर (टर्बोची दाबलेली हवा थंड करणारा भाग), पाण्यानं थंड होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि खाऱ्या पाण्याचा पंप हे सगळं मरीन इंजिनापुरतं वेगळं असतं. ट्रकच्या दुकानात ते मिळत नाही. या इंजिनाची एक ठरलेली खोड आहे. पुढच्या टायमिंग गिअरच्या घरात एक छोटी पोलादी डॉवेल पिन असते. ती धक्क्याधक्क्यानं सैल होऊन गिअरमध्ये पडली, तर इंजिनाचा सत्यानाश होतो. उपाय स्वस्त आहे: पिनेवर बोल्टखाली एक पत्र्याची पट्टी बसवायची. ती बसवली आहे का, ते विचारा. मालकाला प्रश्नच कळला नाही, तर बसवलेली नाही असं धरा.

कॅटरपिलर ३२०८ हे १०.४ लिटरचं व्ही-८. याला वेगळे लाइनर (सिलिंडरच्या बदलता येणाऱ्या नळ्या) नाहीत, पिस्टन चालतो तो बोअर थेट ब्लॉकमध्ये आहे. ६बीटीचंही तेच. लाइनरवाल्या इंजिनाचं हाफ इंजिनचं (लाइनर, पिस्टन, रिंगा बदलायचं) काम बोटीतच उरकता येतं, या दोघांचा बोअर गेला तर ब्लॉक बाहेर काढून मशीन शॉपला न्यावा लागतो. म्हणून लाइनर नसलेल्या इंजिनात सिलिंडरमध्ये खारं पाणी गेल्याची नुसती शंका आली, तरी भाव तिथेच थांबवा.

डेट्रॉइट डिझेलची ७१ मालिका १९३८ पासूनची, पुढे ९२ मालिका आली. दोन्ही टू-स्ट्रोक. आवाज मोठा, ऑइलचे थेंब गाळणार, पण पारखायला ही फार सोयीची. ब्लॉकच्या बाजूची एअर बॉक्सची झाकणं काढली की लाइनरच्या खिडक्यांतून पिस्टन आणि रिंगा टॉर्चच्या उजेडात डोळ्यांनी दिसतात. इंजिन हातानं फिरवत प्रत्येक सिलिंडर पाहा. रिंगा चमकत्या आणि खाचेत मोकळ्या हव्यात. तुटलेली रिंग आणि लाइनरवरचे उभे ओरखडे लगेच ओळखू येतात. या इंजिनांना एसएई ४० हे सिंगल ग्रेड ऑइल लागतं. इंजिनघरात १५डब्ल्यू-४० चे कॅन रचलेले दिसले, तर सांभाळणाऱ्याला इंजिनाची ओळख नाही असं समजा. आणीबाणीत हवा बंद करणारी झडप चालते का, तेही बघा. टू-स्ट्रोक बेफाम सुटलं तर ती झडपच त्याला थांबवते.

व्हॉल्व्हो पेंटाचं टीएएमडी ४१ हे ३.६ लिटरचं, ३,८०० आरपीएमचं, २०० हॉर्सपॉवरचं. लहान आणि हलकं, पण एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद काढली आहे, त्यामुळे त्याला हयगय चालत नाही. सुटे भागही महाग.

इंजिन कोणतंही असो, एक गोष्ट स्वतः मोजून बघा. पुढेमागे ते बाहेर काढायचं झालं, तर कुठून निघेल? काही बोटींत सलूनच्या फरशीत मोठं झाकण असतं आणि इंजिन सरळ वर येतं. काहींत मात्र फर्निचर, जिना, कधी डेकसुद्धा कापावा लागतो. मग इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षा सुताराचं आणि फायबरचं बिल मोठं होतं.

खाऱ्या पाण्याची वाट हातानं चाचपा

सी-कॉकपासून, म्हणजे समुद्राचं पाणी बोटीत घेणाऱ्या झडपेपासून, सुरुवात करा. बहुतेक इंजिनांत पाणी सी-कॉक, गाळणी, रबरी इंपेलरचा पंप, आफ्टरकूलर, हीट एक्स्चेंजर आणि शेवटी एक्झॉस्टचा एल्बो अशा वाटेनं जातं. गिअर बॉक्सचा ऑइल कूलरही याच वाटेवर असतो. प्रत्येक होज हातानं दाबत पुढे सरका. क्लिपखाली पांढरे किंवा हिरवट खडे जमले असतील, तर तिथे पाणी झिरपतंय. होज दाबल्यावर कुरकुरला किंवा टोकाला भेगा दिसल्या, तर तो बदलायचाच.

सी-कॉकचा दांडा पूर्ण फिरला पाहिजे. अडकलेला सी-कॉक जोर लावून फिरवू नका, तुटला तर बोटीत पाणी शिरेल. बोट वर काढाल तेव्हा तो उघडून घ्या. गाळणीचं झाकण काढून बघा. मुंबई बंदरातलं पाणी गढूळ, आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची तर कमतरता नाही. तो गाळ इंपेलरच्या पात्यांना घासतो आणि हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांत बसतो.

पंपाच्या अंगावर, इंजिनाच्या आणि पाण्याच्या सीलच्या मधोमध, खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं. हे भोक जवळून बघा. तिथून खारं पाणी ठिबकत असेल, तर पाण्याचं सील गेलंय. ऑइल ठिबकत असेल, तर ऑइलचं सील गेलंय. दोन्ही दुरुस्त्या लहान आहेत. पण कुणी थेंब बंद व्हावेत म्हणून हे भोक एम-सीलनं बुजवलं असेल, तर तेच खारं पाणी शाफ्टवरून सरळ इंजिनाच्या ऑइलमध्ये जाण्याची भीती असते. बुजवलेलं भोक दिसलं, तर ऑइलची तपासणी झाल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका.

मालकाच्या परवानगीनं पंपाचं झाकण काढा. चार-सहा स्क्रूंचं काम. इंपेलरची सगळी पाती शाबूत हवीत. एखादं पातं तुटलेलं असेल, तर तो तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असणार. नवा इंपेलर बसवून तुकडा तसाच ठेवला, की इंजिन मंद चालताना ठीक आणि जोरात चालताना गरम, असा गोंधळात टाकणारा आजार सुरू होतो.

हीट एक्स्चेंजरवर पितळी बूच असतं, त्याच्या आत जस्ताची पेन्सिल. ते बूच खोला. अर्धी पेन्सिल शिल्लक असेल तर देखभाल रीतसर आहे. नुसतं बूच हातात आलं, तर किती वर्षं जस्ताशिवाय गेली कोण जाणे. तेवढ्या काळात खारं पाणी जस्ताऐवजी कूलरच्या नळ्या आणि सांधे खात राहिलं. पेन्सिल अगदी कोरी आणि बूच जुनंच असेल, तर ती विक्रीच्या आठवड्यात बदललेली असू शकते. शेवटचं झाकण काढून तुटलेले जस्ताचे तुकडे आत साचलेत का, ते बघायला हवं.

टर्बो आणि आफ्टरकूलर असलेल्या इंजिनात खारं पाणी इंजिनाच्या हवेच्या वाटेत शिरायची सोपी जागा म्हणजे आफ्टरकूलर. त्याच्या नळ्यांमधून समुद्राचं पाणी आणि बाहेरून टर्बोची दाबलेली हवा जाते. मधे अडसर म्हणून असतात त्या ओ-रिंगा. त्या सुकल्या की पाण्याचा थेंब थेट इनटेकमध्ये. आफ्टरकूलर शेवटचा कधी काढून साफ केला, ग्रीस लावून नव्या रिंगांसह बसवला आणि हवेचा दाब देऊन तपासला, याचं बिल मागा. दर दोन-तीन वर्षांनी हे व्हायला हवं. बिल नसेल, तर दोन्ही इंजिनांच्या आफ्टरकूलरचं पूर्ण काम तुमच्या खर्चात धरा. आजवर उघडलेलाच नसेल, तर ॲल्युमिनियमचं घर आणि आतला गाभा एकमेकांत गंजून बसतात आणि नवाच घ्यावा लागतो. तो स्वस्त नसतो.

एक्झॉस्टचा एल्बो

जुन्या मोटर यॉटचं एकच ठिकाण तपासायची मुभा असेल, तर हे तपासा. टर्बोतून निघालेला तापलेला धूर आणि वापरून झालेलं खारं पाणी इथे एकत्र येतं. उष्णता, मीठ आणि डिझेलच्या धुरातलं आम्ल एकाच जागी. बिडाचा असो वा स्टेनलेसचा, एल्बो समुद्रात पाच ते दहा वर्षं टिकतो, मग आतल्या बाजूनं फुटतो. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आत पाणी उलट्या दिशेनं टर्बोकडे झिरपत असतं.

बाहेरून सांध्यांवर गंजाचे ओघळ, मिठाची पांढरी रेघ, उष्णतारोधक कापडावर तपकिरी डाग शोधा. मग मागचा मोठा होज सोडवून टॉर्च आणि आरशानं आत बघा. पाण्याच्या वाटा खपल्यांनी बुजलेल्या असतील, तर पाणी सगळीकडे सारखं पसरत नाही आणि एका बाजूचा होज भाजतो. जमलं तर एल्बो टर्बोपासूनच वेगळा करा आणि टर्बोची पाती पाहा. त्यावर कोरडी काळी काजळी असेल तर ठीक. लालसर गंज असेल, तर पाणी तिथपर्यंत पोचलंय. इंजिन बंद झालं की कोणता ना कोणता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि पुढचा थेंब सिलिंडरमध्ये जातो. टर्बोचा शाफ्ट बोटानं हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतं, लांबीच्या दिशेनं हलता कामा नये आणि पाती घराला घासलेली नसावीत.

पाणी धुरात मिसळतं ती जागा टर्बोच्या तोंडापेक्षा पुरेशी खाली हवी. काही बोटींत जागेअभावी एल्बो जवळजवळ आडवा बसवलेला असतो. मग लाटेवर बोट डोलली की पाणी मागे येतं. हा बसवणाऱ्याचा दोष, नवा एल्बो तसाच बसवून तो जात नाही.

ऑइल, कूलंट, डिझेल

डिपस्टिक काढून ऑइल पांढऱ्या फडक्यावर टिपा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुधाळ किंवा चॉकलेटी फेसासारखं दिसलं, तर पाणी. पातळ, डिझेलचा वास आणि खुणेच्या वर पातळी, तर नोझल किंवा डिझेल पंपातून गळती. अगदी सोनेरी, कोरं ऑइल दिसलं तर विचारा की कालच का बदललं. अशा ऑइलची लॅब तपासणी निरुपयोगी असते. अट घाला की २५-३० तास चालल्यावर नमुना घेऊ, किंवा काढलेल्या ऑइल फिल्टरचं कापड कापून त्यात धातूचा चुरा आहे का, ते बघू.

नमुना घ्यायचा तो इंजिन चालवून गरम झाल्यावर, हातपंपानं, संपच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साचतं त्या भांड्याच्या) मधल्या उंचीवरून. बाटलीवर इंजिनाचे तास आणि ऑइलचे तास दोन्ही लिहा. ऑइल किती तास चाललं ते माहीत नसेल, तर लोखंडाच्या आकड्याला अर्थ उरत नाही. रिपोर्टमध्ये सोडियम आणि मॅग्नेशियम सोबत वाढले असतील, तर खाऱ्या पाण्याचा संशय. सोडियम किंवा पोटॅशियमबरोबर ग्लायकॉल सापडलं, तर कूलंट. तांबं एकटंच वाढलेलं असेल, तर ते ऑइल कूलरमधूनही येतं. शिसं सोबत असेल, तर बेअरिंगकडे बघावं लागेल. खरी मदत होते ती दोन्ही इंजिनांचे रिपोर्ट शेजारी ठेवल्यावर. एकाच वयाची, एकच डिझेल प्यायलेली, एकाच हातानं सांभाळलेली ही दोन इंजिनं. एकात लोखंड दुसऱ्याच्या तिप्पट असेल, तर कारण सापडेपर्यंत शोधत राहा.

गिअर बॉक्सचंही ऑइल बघा. वेल्व्हेट ड्राइव्हसारख्या बॉक्समध्ये लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल) असतं. ते स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी झालं असेल, तर कूलर फुटून पाणी आत गेलंय. जळका वास आणि काळपट रंग म्हणजे क्लच प्लेट घसरतायत.

कूलंटचं झाकण थंड असतानाच उघडा. हिरवं, निळं किंवा लाल स्वच्छ पाणी हवं. आपल्याकडे पुष्कळदा नळाचं पाणी ओतलेलं असतं, ते तांबूस गढूळ दिसतं. आत गंज धरलाय असं समजा.

डिझेल फिल्टरच्या पारदर्शक भांड्यातलं थोडं बाटलीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी पाणी, मधे काळ्या शेवाळासारखे तंतू दिसले, तर टाकीत जंतू वाढलेत. पावसाळ्यात अर्ध्या टाकीनं उभ्या राहिलेल्या बोटीत हे सर्रास होतं: दमट हवेतलं पाणी टाकीच्या भिंतीवर धरतं आणि खाली साचतं. फिल्टर बदलून हे जात नाही, टाकी उघडून धुवावी लागते.

थंड स्टार्ट

इंजिन महिनाभरापेक्षा जास्त उभं असेल, तर आधी पान्यानं क्रँक दोन पूर्ण फेरे हातानं फिरवा. अडलं, तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

एक माणूस मागे धूर बघायला, एक इंजिनाजवळ. मुंबईच्या हवेत निरोगी डिझेल दोन-तीन सेकंदांत पकडतं. पकडत नसेल आणि वारंवार सेल्फ मारावा लागत असेल, तर सी-कॉक बंद करा. इंजिन पकडलं नाही तरी सेल्फनं फिरताना पंप पाणी ढकलत राहतो, धूर नसल्यानं ते बाहेर फेकलं जात नाही, एक्झॉस्टमध्ये साचतं आणि मागे सिलिंडरमध्ये जातं. चांगली इंजिनं अशी विक्रीच्या दिवशी मेलेली आहेत. इंजिन पकडलं की लगेच सी-कॉक उघडा.

पांढरा धूर एक-दोन मिनिटांत विरला पाहिजे. विरत नसेल तर पाण्याकडे बघा. मागे तेलकट तवंग आणि डोळे चुरचुरवणारा वास असेल, तर न जळलेलं डिझेल: नोझल खराब किंवा कॉम्प्रेशन कमी. धूर हवेत चटकन नाहीसा होत असेल, तर ती वाफ, म्हणजे एक्झॉस्टला पाणी कमी पडतंय. निळा धूर ऑइलचा. काळा धूर मंद गतीला मुळीच नसावा.

इंजिन थोडं गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं नुसतं ठेवा. ते थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल आणि फुस्‌ फुस्‌ धूर येत असेल, तर रिंगांच्या बाजूनं दाब खाली येतोय. मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. दोन्ही इंजिनांवर तीच चाचणी, त्याच आरपीएमला. गरम इंजिनाचा ऑइल दाब मंद गतीला १० पीएसआयच्या खाली नको, चालत्या गतीला ४० ते ६० असावा. बोटीवरचं जुनं मीटर खोटं बोलू शकतं, म्हणून कमी दिसला तर ब्लॉकवर वेगळं गेज लावून खात्री करा.

समुद्रात, पूर्ण थ्रॉटलवर

बंदराबाहेर काढून अर्धा तास मध्यम गतीनं चालवा. मग टाक्या आणि माणसं नेहमीइतकी असताना थ्रॉटल हळूहळू पूर्ण उघडा. ऑप्टिकल टॅकोमीटरनं क्रँक पुलीवरचं खरं आरपीएम घ्या, जुनी टॅकोमीटर शे-दोनशेनं सहज चुकतात. फिरत्या पट्ट्यांजवळ सैल कपडे नकोत.

इंजिनानं रेटेड आरपीएम गाठलंच पाहिजे, थोडं वर गेलं तर उत्तम. २१० हॉर्सपॉवरच्या ६बीटीला २,६००, ३३० वाल्या, आफ्टरकूलर असलेल्या ६बीटीएला २,८००. शंभर-दोनशे कमी पडलं, तर तळाला शेवाळ-कालवं असतील, एअर फिल्टर चोंदला असेल, डिझेल अडत असेल, किंवा पंखा मोठा असेल. बोट वर काढून तळ साफ केल्यावरही कमीच पडलं, तर बहुधा पंखाच. इथे विक्रेता हमखास म्हणतो, 'आम्ही कधी फुल थ्रॉटल देतच नाही.' त्यानं फरक पडत नाही. पंख्याला लागणारी ताकद साधारण आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बरोबर पंख्याला ८० टक्के आरपीएमवर निम्मीच ताकद लागते. मोठा पंखा मात्र क्रूझलाही (नेहमीच्या प्रवासाच्या गतीलाही) इंजिनाला ओझ्याखाली ठेवतो, धूर काळा येतो, एक्झॉस्ट तापतं, पिस्टन आणि व्हॉल्व्ह त्यात जळतात. अशा बोटीचे चाललेले तास दुप्पट धरा. पंखा पुन्हा पिच करून (पात्यांचा कोन बदलून) मिळतो, झालेली जळजळ भरून निघत नाही.

पूर्ण थ्रॉटल पाच ते दहा मिनिटं ठेवा आणि थर्मामीटर घेऊन खाली जा. थर्मोस्टॅटच्या घरावर ७५ ते ८८ अंशांत तापमान स्थिर राहायला हवं, चढत जाता कामा नये. चकचकीत धातूवर थर्मामीटर चुकतो, म्हणून काळी चिकटपट्टी लावून त्यावर नेम धरा. पाणी मिसळल्यानंतरचा एक्झॉस्ट होज चारी बाजूंनी तपासा, हात क्षणभर टेकवता आला पाहिजे. एका इंजिनापेक्षा दुसरं पाच अंशांनी जास्त गरम असेल, तर गाळ किंवा इंपेलरकडे बोट दाखवा. युरोपातून आलेली बोट तिथल्या १५ अंशांच्या पाण्यात ठीक चाललेली असते. इथे मे महिन्यात पाणी २८-३० अंश असतं आणि अर्धवट चोंदलेला हीट एक्स्चेंजर तेव्हा उघडा पडतो.

मग गती कमी करून पुढे-मागे गिअर घाला. एक-दोन सेकंदांत, धडका न देता पडला पाहिजे. उलट्या गिअरला साधारण १,००० आरपीएम देऊन इंजिन माउंटवर किती उचलतं ते बघा. डिझेल लागून मऊ झालेली रबरं तेव्हा दिसतात.

क्रूझवर डिझेलचा हिशेब जुळवा. एक लिटर डिझेलमध्ये ढोबळमानानं पाच हॉर्सपॉवर तासभर मिळतात, म्हणजे ३०० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरावर तासाला ६० लिटरच्या आसपास पितं. मालकाकडे डिझेलची बिलं असतील, तर मीटरवरच्या तासांशी ताडून बघा. मीटर बदलता येतं, बिलं तितकी सोपी नसतात.

सिलिंडर खोलायचे कधी

कॉम्प्रेशन टेस्टसाठी नोझल काढावे लागतात, जुने नोझल हेडमध्ये अडकलेले असतात आणि मालक सहसा नाही म्हणतो. सगळं ठीक असेल, तर तिचा आग्रह धरू नये. स्टार्ट कठीण, धूर विरत नाही, बॅक कॉम्प्रेशन जास्त, यांतलं काहीही एक दिसलं तर मात्र हवीच, आणि त्याच वेळी बोरस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) आत घालून सिलिंडरची भिंत बघून घ्या. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा: दहा टक्क्यांहून जास्त नको. पेट्रोल गाडीचं गेज वापरू नका, डिझेलचा दाब त्याला झेपत नाही.

मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात सोपी चाचणीही आहे. मंद गतीला एकेका नोझलच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करायचा. आरपीएम पडलं तर सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीच झोपलेला. हे मिस्त्रीनंच, चष्मा आणि हातमोजे घालून करावं, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. कॉमन रेल इंजिनावर (सगळ्या नोझलना एकाच नळीतून फार मोठ्या दाबाचं डिझेल जातं अशा) हे कधीही करायचं नाही.

भाव ठरवताना

सापडलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे सुट्या भागाचं कोटेशन लावा, अंदाज नको. सिरियल नंबर देऊन अधिकृत डीलरकडून एल्बो, आफ्टरकूलर, हीट एक्स्चेंजर आणि पाण्याचा पंप यांचे भाव आणि मिळायला लागणारा वेळ लेखी घ्या. प्रत्येक दोनदा, कारण इंजिनं दोन आहेत. बोट सांभाळणाऱ्या खलाशाशी मालक नसताना बोला, सुट्या सामानाची पेटी उघडायला सांगा. जुने इंपेलर, नवे फिल्टर, जस्ताच्या पेन्सिली त्यात असतील, तर काम नेमानं होतंय. पेटी रिकामी असेल, तर तेही उत्तरच.

चाचणीच्या दिवशी घेतलेले सगळे आकडे एका कागदावर उतरवा: दोन्ही इंजिनांचं पूर्ण थ्रॉटलचं आरपीएम, ऑइल दाब, थर्मोस्टॅटचं आणि एक्झॉस्ट होजचं तापमान, समुद्राच्या पाण्याचं तापमान, तारीख. बोट घेतलीत तर पहिल्या ५० तासांनंतर ऑइलचा नमुना पाठवा आणि तो रिपोर्ट याच कागदाला जोडा. दर पावसाळ्याआधी आणि नंतर तीच चाचणी, तेच आकडे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून इंजिनघराच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.